टाचेवर चालून दाखवा : आनुवंशिक मज्जाविकारांच्या अभ्यासात येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

‘चालताना चप्पल पायातून निसटते का?’ कुष्ठरोगाच्या तपासणीत हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि परभणी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही तो नवा नाही. उत्तर ‘हो’ आले की लगेच दुसरा प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. ‘निसटली हे तुमचं तुम्हाला कळतं, की मागून येणारा सांगतो तेव्हा कळतं?’ ज्याला कळत नाही त्याच्या तळपायाची संवेदना गेलेली असते. ज्याला कळते, पण पावलाने चप्पल धरून ठेवता येत नाही, त्याच्या नडगीच्या पुढच्या स्नायूंची ताकद गेलेली असते. पहिला रस्ता पुष्कळदा कुष्ठरोगाकडे किंवा मधुमेहाकडे जातो. दुसरा कधी कधी अशा एका आजाराकडे जातो की जो त्या माणसासोबत जन्मालाच आलेला असतो, त्याच्या बापात होता, आजीत होता, आणि ज्याचे नाव त्या घरात कोणी कधी ऐकलेले नसते.

त्या आजाराचे नाव शार्को-मारी-टूथ. ही प्रस्तावना त्याच्याभोवती लिहिली आहे, कारण आनुवंशिक मज्जाविकारांच्या विषयात शिरायचा तो सगळ्यात रुंद दरवाजा आहे. वैद्यकीय महाविद्यालयात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी, तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्यांचे पाय पाहून कोड्यात पडलेले वाचक या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. माझे म्हणणे एकच आहे. या आजाराचे निदान पुण्या-मुंबईच्या यंत्रांवाचून अडलेले नाही. त्याचा मोठा भाग जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या दवाखान्यात हातांनी, डोळ्यांनी आणि घरच्यांना विचारलेल्या चार प्रश्नांनी होऊ शकतो. तो तिथे होत नाही म्हणून माणसे चुकीच्या उपचारांत वर्षे घालवतात.

1886 साली पॅरिसमध्ये झाँ-मार्तँ शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पावलांपासून सुरू होऊन हळूहळू हातांपर्यंत चढणाऱ्या, घराण्यात चालत येणाऱ्या या स्नायूंच्या झिजेचे वर्णन केले. त्याच वर्षी हॉवर्ड हेन्री टूथ या तरुण इंग्रज डॉक्टरने केंब्रिजला सादर केलेल्या प्रबंधात तेच चित्र मांडले. शार्को आणि मारी यांना दोष मज्जारज्जूत असावा असे वाटले. टूथने तो मज्जारज्जूबाहेरच्या नसांमध्ये आहे असे सांगितले, आणि टूथ बरोबर होता. पुढे तीनच वर्षांनी विल्मट हेरिंगम यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. त्या घरात पुरुष आजारी पडत, बायका धडधाकट राहत, पण आजार त्या बायकांकडून मुलांकडे जाई. गुणसूत्रांचे शास्त्र जन्माला येण्याआधी केवळ वंशावळ नीट लिहून एका डॉक्टरने एक्स गुणसूत्रावरचा आजार टिपला होता. या विषयाची ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

आजार दिसतो कसा, हे सावकाश पाहू. बहुधा शाळेच्या वयात सुरुवात होते. मूल धावताना मागे पडते, घोटा वारंवार मुरगळतो, पळताना उगाच अडखळते. तळपायाची कमान उंच होत जाते, बोटे वाकून वर येतात, बूट लवकर एका बाजूने झिजतात. पोटऱ्या बारीक होतात, मांड्या मात्र बऱ्यापैकी भरलेल्या राहतात. पुढे पाऊल उचलत नाही, म्हणून माणूस गुडघा उंच करून पाय टाकतो आणि पाऊल जमिनीवर आपटते. टाचांवर चालायला सांगा, चालता येत नाही. काही वर्षांनी हातांची पाळी येते. सदऱ्याचे बटण, सुईत दोरा, कुलपात किल्ली, एकेक काम अवघड होत जाते. सगळे दोन्ही बाजूंना सारखे, आणि इतक्या संथपणे की ‘कधीपासून?’ या प्रश्नाला सरळ उत्तरच येत नाही.

यात एक खूण अशी आहे की ती एकदा मनात बसली की विसरली जात नाही. मधुमेहाने किंवा औषधांमुळे नसा बिघडल्या की रुग्ण आपणहून मुंग्या, आग, टोचणी सांगतो. या आजारात तपासताना कंप कळत नाही, घोट्याची प्रतिक्षेप क्रिया मिळत नाही, तरी रुग्ण मुंग्यांची तक्रार क्वचितच करतो. जन्मापासून जी जाणीव कमीच होती तिची उणीव त्याला भासत नाही. तपासणीत सापडते पुष्कळ आणि तक्रार असते थोडी. अशी तफावत दिसली की आनुवंशिक आजाराचा संशय घ्यावा.

मग घराकडे वळायचे. ‘घरात कोणाला असा आजार आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते आणि ते खोटे नसते. आजार म्हणून तो कोणी पाहिलेलाच नसतो. ‘आमच्या घराण्याचे पायच तसे’ असे म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. म्हणून प्रश्न बदलावा. कोणाची चप्पल पायात टिकत नाही? कोणाला उकिडवे बसून उठता येत नाही? कोण पाय आपटत चालतो? आणि सोबत आलेल्या वडिलांना किंवा आईला तिथेच चपला काढायला सांगून त्यांचे पाय पाहावेत. ज्या बापाने आयुष्यभर नांगर धरला, त्याच्याही तळपायाची कमान उंच आणि घोट्याची प्रतिक्षेप क्रिया गेलेली सापडू शकते. एकाच जनुकीय दोषाने मुलगा कुबड्यांवर येतो आणि बापाला काहीच कळत नाही, इतका फरक एका घरात असतो.

वंशावळ लिहिताना आपल्या भागातले एक वास्तव ध्यानात ठेवावे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नाची नोंद केली आहे, आणि मराठवाड्यात अशा सोयरिकी आजही अनोळखी नाहीत. आईबाप दोघेही निरोगी, पण दोघांकडेही एकाच पूर्वजाकडून आलेला एकच दोष लपलेला असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. असे प्रकार बहुधा लहान वयात आणि तीव्र रूपात येतात. आजाराचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार मात्र नात्यातल्या लग्नावर अवलंबून नाही. त्यात आई किंवा बाप यांपैकी एकाकडचा दोष पुरतो आणि प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी असते. तेव्हा नात्यातले लग्न दिसले म्हणून तेच कारण, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

आता कुष्ठरोगाकडे येतो, आणि इथे थोडे रेंगाळणार आहे. महाराष्ट्रात नसा जाड लागल्या की डॉक्टरच्या मनात पहिले नाव कुष्ठरोगाचे येते आणि ते येणे योग्यच आहे. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो, आणि नसेचा बिघाड ताजा, सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टिरॉइडने गेलेली ताकद परत येऊ शकते. तो सुटून गेला तर नुकसान भरून येत नाही. म्हणून त्याचा विचार आधी आणि कसून करायचा. पण शार्को-मारी-टूथच्या काही प्रकारांतही नसा जाड होतात, हातापायांची बोटे वाकतात, तळपायाला जखमा होतात. त्वचेवर चट्टा नसलेला, केवळ नसांचा कुष्ठरोगही आपल्याकडे आढळतो. तेव्हा दोघांना वेगळे कसे करायचे?

बोटांनी. कोपरामागची अल्नर नस, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने वळणारी पेरोनियल नस, मानेवरून कानाकडे चढणारी नस या तिन्ही दोन्ही बाजूंना चाचपाव्यात. कुष्ठरोगात एक नस जाड तर तिची जोडीदार साधी, जाडी गाठीगाठींची, दाबले की दुखणारी. आनुवंशिक आजारात सगळ्या नसा सारख्याच, गुळगुळीत जाड आणि न दुखणाऱ्या. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून तो कानाची पाळी, कोपर, बोटे अशा गार जागी नसांना गाठतो आणि बधिरपणा तुकड्यातुकड्यांनी येतो. ऊन-गार आणि टोचणी आधी जाते, कंपाची जाणीव आणि घोट्याची प्रतिक्षेप क्रिया बहुधा शाबूत राहते. शार्को-मारी-टूथमध्ये याच्या उलट, प्रतिक्षेप क्रिया लवकर जाते आणि बधिरपणा पायमोज्यासारखा चहूबाजूंनी सारखा चढतो. कापूस, टाचणी, ट्यूनिंग फोर्क आणि छोटी हातोडी इतक्या साहित्यावर हा निवाडा पुष्कळ अंशी होतो. शंका उरलीच तर त्वचेच्या नसेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. कुष्ठरोगात त्वचेतल्या नसांमध्ये नेमके काय घडते आणि बधिरपणाशी त्याचे नाते काय, याचा पायाभूत अभ्यास मुंबईच्या डॉ. दाराब दस्तूर यांनी केला आणि तो 1955 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. या विषयात येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ते नाव माहीत करून घ्यावे.

चुकीच्या निदानाची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. कुष्ठरोगाला आनुवंशिक म्हटले तर बरा होणारा माणूस अपंग होतो. आनुवंशिक आजाराला कुष्ठरोग म्हटले तर वर्षभराची औषधे वाया जातात, आणि गावात ज्या नजरेने त्या घराकडे पाहिले जाते ती नजर औषधे संपली तरी संपत नाही. कुष्ठरोग्यावर असा कलंक लागणे मुळातच अन्याय आहे. ज्याला तो रोग नाहीच, त्याच्या मुलीचे लग्न त्यापायी मोडणे हा त्या अन्यायावर आणखी एक अन्याय.

दुसरा मोठा चकवा रोगप्रतिकारशक्तीने नसांवर केलेल्या दीर्घकालीन हल्ल्याचा. तो आजार उपचारांनी सुधारतो, म्हणून त्याला चुकूनही नजरेआड करायचे नाही. पण आनुवंशिक रुग्णाला तोच समजून महिनोन्‌महिने स्टिरॉइड किंवा लाखांच्या घरातले इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते तेव्हा शेत गहाण पडते आणि हाती काहीच लागत नाही. इथे नसांच्या वेगाची तपासणी कामाला येते. लोक तिला ‘करंटची टेस्ट’ म्हणतात. नस ही शेतातल्या पंपाच्या वायरीसारखी समजा. आत तार, बाहेर वेष्टण. वेष्टण बिघडले की वेग मंदावतो, तार झिजली की जोर कमी होतो. निरोगी माणसाच्या हाताच्या नसेतून संदेश सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा अधिक वेगाने जातो. हाताच्या मीडियन नसेत तो 38 मीटरच्या खाली असेल तर वेष्टणाचा प्रकार, वर असेल तर तारेचा, ही रेघ 1980 साली हार्डिंग आणि थॉमस यांनी आखली आणि आजही ती वापरात आहे. वेष्टणाच्या आनुवंशिक प्रकारात वेग सगळ्या नसांत, सगळ्या भागांत सारखाच मंद असतो, बहुधा 20 च्या आसपास. रोगप्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात तो कुठे मंद, कुठे बरा, मध्येच संदेश अडलेला असा विस्कळीत असतो. अहवालाच्या शेवटी छापलेल्या ओळीवर न थांबता आकड्यांचा तक्ता स्वतः वाचायची सवय लावून घ्यावी.

बाकीचे चकवे थोडक्यात सांगतो. बारीक झालेला पाय पाहून जुना पोलिओ म्हटले जाते. पण पोलिओ बहुधा तापानंतर अचानक येतो, एका पायाला अधिक धरतो, संवेदनेला हात लावत नाही आणि तिथेच थांबतो. शिवाय भारतातला नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला आहे, तेव्हा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर घेऊन थांबताच येत नाही. कंबरेचा एमआरआय काढला की चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यात काही ना काही फुगवटा दिसतो, आणि ‘नस दबली’ म्हणून शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. कापसाच्या पट्ट्यात आणखी एक ध्यानात ठेवावे. काही ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेतून माणूस वाचला तरी दोन-तीन आठवड्यांनी त्याची पावले लुळी पडू शकतात. ब-12 जीवनसत्त्व आणि साखर तर प्रत्येकाचीच तपासावी.

1991 साली या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे मूळ सापडले. सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे 15 लाख अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलेला असतो. त्यामुळे नसेच्या वेष्टणातले एक प्रथिन बनवणाऱ्या पीएमपी-22 या जनुकाच्या दोनाऐवजी तीन प्रती होतात. जनुकात एकही चूक नाही, फक्त एक प्रत जास्त. व्यवहारात याला फार महत्त्व आहे. जनुकांची अक्षरे वाचणारी महागडी चाचणी अशी जास्तीची प्रत चुकवू शकते, कारण तिला प्रत्येक अक्षर बरोबरच दिसते. प्रती मोजणारी एमएलपीए ही साधी, स्वस्त चाचणी आधी मागावी. परभणीतून हैदराबाद आणि मुंबई दोन्हीकडे देवगिरी एक्स्प्रेसने जाता येते. हैदराबादला निजाम्स इन्स्टिट्यूट आणि डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्र आहे, मुंबईच्या केईएम रुग्णालयाला 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आहे. रुग्णाला तिकडे पाठवताना चिठ्ठीवर नेमका प्रश्न लिहून पाठवला तर एक फेरी वाचते, आणि मजुरी बुडवून येणाऱ्या माणसासाठी एक फेरी ही मोठी गोष्ट आहे.

सतराव्या गुणसूत्रावरचा हाच तुकडा दोनदा येण्याऐवजी एका बाजूचा गळून गेला तर वेगळाच आजार होतो. त्यात नसा दाब सहन करत नाहीत. दिवसभर उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईचे पाऊल संध्याकाळी अचानक लुळे पडते, काही आठवड्यांनी सुधारते, पुढल्या हंगामात पुन्हा तसेच होते. उकिडवे बसून निरोगी माणसाचीही पेरोनियल नस दबू शकते. पण पुन्हा पुन्हा होऊ लागले, किंवा बहिणीचा हात उशाखाली दबून असाच लुळा पडला होता असे कळले, तर नसांची तपासणी करायलाच हवी. त्या बाईला औषधाची गरज नसते, बसायची पद्धत बदलायची असते.

घराण्यांकडे नीट पाहिल्याने काय साधते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी 1971 साली मुंबईहून नऊ कुटुंबांची माहिती ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध केली. तोल जाण्याचे आनुवंशिक आजार अनेक असतात आणि ते एकमेकांसारखे दिसतात. या कुटुंबांतल्या रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसरीकडे फार हळू वळतात, हे त्यांनी टिपले आणि त्यावरून तो आजार वेगळा काढला. जनुक सापडायला पुढे पंचवीस वर्षे लागली.

शार्को-मारी-टूथच्या शेजारी आणखी पुष्कळ आजार आहेत. केनेडीच्या आजारात प्रौढ पुरुषाची हनुवटी आणि जीभ फडफडते, हातपाय बारीक होतात, आणि त्याला काही वर्षांत जीव घेणारा एएलएस झाल्याचे सांगितले जाते, वास्तविक त्याचे आयुष्य जवळपास इतरांइतकेच असते. छातीची वाढ झालेली आहे का हे पाहिले असते तर संशय आला असता. ड्युशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात मुलाचे यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात आणि त्याच्यावर कावीळ समजून उपचार होतात, कारण ती द्रव्ये स्नायूंतूनही येतात हे ध्यानात राहत नाही. अशा वेळी सीपीके या स्नायूंतल्या द्रव्याची एक तपासणी पुरते.

‘औषध नाही, मग निदान करून काय मिळवायचे?’ असे विचारणारे डॉक्टर भेटतात. शार्को-मारी-टूथ बरा करणारे औषध अजून नाही हे खरे. पण ज्याला हा आजार आहे त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि त्यावर व्हिन्क्रिस्टिन हे औषध दिले गेले तर थोड्याच दिवसांत त्याचे हातपाय लुळे पडू शकतात. निदानाची एक ओळ केसपेपरवर असली तर हे टळते. पाऊल उचलून धरणारा हलका पट्टा बुटात घातला की अडखळणे थांबते. कुष्ठरोग्यांच्या हातापायांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी चालू स्नायूबंध दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या, त्याच धर्तीवर या रुग्णांचे पाऊलही सरळ करता येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चालण्यातल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. आणि महत्त्वाचे म्हणजे, वर्षानुवर्षे करणी, वात आणि ताकदीच्या सुया यांत जाणारा पैसा थांबतो.

निदान सांगताना जपून बोलावे. ‘आईकडून आलं’ हे वाक्य डॉक्टर सहज बोलून जातो आणि ती बाई सासरी ते आयुष्यभर ऐकते. दोष कोणी निवडून घेत नाही, आणि काही वेळा तो त्या रुग्णातच पहिल्यांदा उद्भवलेला असतो, हे घरातल्या सगळ्यांसमोर स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्या लेकराला काहीही त्रास नाही त्याची जनुक तपासणी केवळ पुढच्या सोयरिकीसाठी करू नये. मोठे झाल्यावर तो निर्णय त्याचा.

नॉर्वेत 1974 साली झालेल्या पाहणीत साधारण 2500 माणसांमागे एकाला हा आजार आढळला. तेच प्रमाण आपल्याकडे असेलच असे नाही. पण ते धरले तर 2011 च्या जनगणनेत 18 लाखांवर लोकसंख्या असलेल्या परभणी जिल्ह्यात असे सातशेच्या वर लोक असतील. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी अशा कुटुंबांची एक नोंदवही सुरू करावी : तीन पिढ्यांची वंशावळ, पायांची तपासणी, नसांच्या वेगाचे आकडे. कुष्ठरोगाची पाहणी गावागावांत होतेच, तिच्यातच टाचेवर चालून दाखवायला सांगण्याची एक ओळ घालावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.